तीस सेकंदांचे मौन

मौन म्हणजे संमती, असे आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत. लग्न ठरवताना मुलगी गप्प बसली की वडीलधारी मंडळी तिचा होकार गृहीत धरीत; सभेत कोणी हरकत घेतली नाही की ठराव सर्वानुमते मंजूर होई. माझ्या धंद्यात मात्र मौनाचा अर्थ इतक्या सुखासुखी लावता येत नाही. तेथे कोणी गप्प झाले की पहिला प्रश्न मनात येतो तो असा : हा मेला, की नुसता बोलत नाही? आणि या प्रश्नाचे उत्तर ठरावीक सेकंदांच्या आत द्यावे लागते. उशीर केला तर एक अनर्थ, घाई केली तर दुसरा.

माझा धंदा कोणता, हे सांगायचे म्हणजे थोडी पंचाईतच आहे. लग्नकार्यात भेटलेले एखादे दूरचे काका ‘सध्या काय करतोस?’ म्हणून विचारतात. ‘डेटाबेस सांभाळतो’ असे म्हटले की ते मान डोलावतात आणि पुढच्या पंगतीकडे पाहू लागतात. म्हणून अलीकडे मी सांगू लागलो आहे की, मी वह्या लिहिणाऱ्या मुनिमांवर पहारा ठेवतो. एखादा मुनीम लिहिता लिहिता कोसळला, तर दुसऱ्याने त्याच ओळीपासून पुढे लिहू लागावे, याची व्यवस्था लावून ठेवतो. हे उत्तर काकांना पटते. मौज अशी की, ते त्यांच्यासाठी सोपे करून सांगितलेले असले, तरी बरेचसे खरेच आहे.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पेढीवर ज्या वह्यांची पूजा होते, त्यांत कीर्द आणि खतावणी या दोन मुख्य. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत उतरतो, ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने. मग सवडीने तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत जातो. पोस्टग्रेस नावाचा जो डेटाबेस मी सांभाळतो, तो नेमके हेच करतो. त्याच्या कीर्दीला लॉग म्हणतात. आधी लॉगमध्ये ओळ. ती तबकडीवर पक्की उमटली की मगच गिऱ्हाइकाला ‘नोंद झाली’ असे उत्तर. आणि खतावणी मागाहून. वीज गेली, यंत्र बंद पडले, तरी कीर्द शाबूत असली की तीवरून खतावणी पुन्हा उभी करता येते. एवढे ध्यानात आले की रेप्लिकेशन समजायला वेळ लागत नाही. दुसऱ्या एका यंत्राकडे या कीर्दीची ओळ न् ओळ पाठवीत राहायची. ते तीवरून आपल्यापाशी हुबेहूब तशीच खतावणी तयार करीत राहते. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१० साली आली. पहिल्या यंत्राला प्रायमरी म्हणतात, दुसऱ्याला स्टँडबाय. स्टँडबाय वाचून दाखवू शकतो, पण स्वतःच्या मनाने एक अक्षरही लिहू शकत नाही. तो उमेदवारी करीत असतो.

आता पहिला पेच येतो तो येथेच. मुनिमाने ओळ लिहिली. ती दुसऱ्याने उतरवून घेतल्याचा निरोप येईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवायचे की नाही? थांबवले तर ओळ हरवण्याची भीती राहत नाही. पण दुसरा मुनीम चहाला गेला की सारी पेढी खोळंबते. न थांबवले तर काम झपाट्याने होते. पण पहिला अचानक गेला, तर त्याच्या कीर्दीतल्या शेवटच्या चार ओळी त्याच्याबरोबरच जातात. त्यात पुन्हा अंतराचा प्रश्न. मुंबई ते दिल्ली हे सरळ रेषेतले अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे निरोप जाऊन परत यायला ११-१२ मिलिसेकंद तर निसर्गच मागून घेतो, आणि जमिनीखालच्या तारा काही कावळ्यासारख्या सरळ उडत नाहीत. एका ओळीला एवढा वेळ म्हणजे काहीच नाही; पण दिवसाला लाखो ओळी लिहायच्या म्हटल्या की याच क्षणांची रांग दरवाज्याबाहेर जाते.

पण हा सारा जमाखर्च झाला. खरा कस लागतो तो पहाऱ्याला. प्रायमरी जिवंत आहे की नाही, हे कळायचे कसे? नवशिका माणूस त्याला नुसती हाक मारून पाहतो. हाकेला ओ मिळाली की तो निश्चिंत होतो. परंतु यंत्राने ओ देणे, डेटाबेसने दार उघडणे, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे आणि सांगितलेली ओळ खरोखर लिहिणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. तबकडी काठोकाठ भरली की डेटाबेस हाकेला ओ देत असतो; लिहायला मात्र त्याला जागा उरलेली नसते. म्हाताऱ्या माणसाने ‘मी बरा आहे’ म्हणावे, आणि त्याच्या हातून पेला उचलला जाऊ नये, तसे हे असते. म्हणून मी आपला नियम ठेवला आहे : बरा आहेस का, असे विचारायचे नाही, एक ओळ लिहून दाखव, असे सांगायचे.

आणि तरीही कधीतरी काहीच उत्तर येत नाही. मग किती वेळ वाट पाहायची?

याचा धडा मला माझ्या व्यवसायाच्या पुस्तकांपेक्षा घरीच अधिक चांगला मिळाला. माझी आई सांगलीला एकटी राहते. मी पुण्याला, ताई नाशिकला. आईचा फोन वाजत राहिला आणि तिने उचलला नाही, की ताई आणि मी एकाच घटनेचे दोन अर्थ लावतो. मी म्हणतो, परसात फुले काढीत असेल, तासाभराने पाहू. ताईच्या मनात तोवर न्हाणीघराची ओली फरशी आलेली असते. एकदा दोनदा फोन करूनही उत्तर आले नाही, तेव्हा ताईने शेजाऱ्यांना उठवून दाराची कडी तोडायला लावली. आई त्या वेळी गणपतीच्या देवळात कीर्तनाला बसलेली होती. घरी येऊन पाहते तो दार सताड उघडे, चार माणसे ओसरीवर, आणि कडी खाली पडलेली. ‘अगं, जिवंतपणीच माझं दार फोडलंत!’ असे ती ताईला फोनवर म्हणाली, नि वर सुताराचे पैसेही तिच्याकडूनच घेतले.

पण आई नुसती रागावून थांबली नाही. तिने एक तोड काढली. ती म्हणाली, ‘तुम्ही दोघांनी मला सारखं विचारत बसण्यापेक्षा मीच रोज सकाळी सातला तुम्हाला एक मिस्ड कॉल देत जाईन. आला की समजा, आहे. साडेसातपर्यंत नाही आला तर फोन करा. तोही उचलला नाही तर शेजारच्या काकूंना सांगा. त्यांच्याकडे किल्ली ठेवते. कडी तोडायची नाही.’ मी ऐकतच राहिलो. ज्या आईने जन्मात संगणकाला हात लावला नाही, तिने एका दमात हार्टबीट, मुदत आणि साक्षीदार या तिन्ही गोष्टी मांडल्या होत्या. आमच्या शास्त्रातही जो जाणता आहे तो हेच सांगतो : प्रायमरीला सारखे जाऊन विचारू नका, त्यानेच ठरावीक वेळाने आपले अस्तित्व नोंदवावे, आणि त्या नोंदीला मुदत असावी.

मी वापरतो त्या व्यवस्थेचे नाव पात्रोनी. बर्लिनच्या झलांडो नावाच्या, जोडे-कपडे विकणाऱ्या कंपनीत ती वाढली. तिच्यात प्रायमरीने आपल्या गादीचा पट्टा एका तिसऱ्याच ठिकाणी नोंदवायचा असतो. मूळ मांडणीत या पट्ट्याची मुदत ३० सेकंद आहे, आणि दर १० सेकंदांनी तो नवा करून घ्यायचा. ३० सेकंद नूतनीकरण झाले नाही की गादी मोकळी झाली असे धरून स्टँडबाय पुढे येतो. हा आकडा तुम्हाला वाटेल तसा बदलता येतो. कमी केला तर आमची व्यवस्था ताईच्या स्वभावाची होते. वाढवला तर माझ्या.

कोणी म्हणेल, एवढ्या प्रगत शास्त्राला मेलेला आणि गप्प बसलेला यांतला फरक सांगता येऊ नये काय? नाही येत; आणि येणार नाही, हे सिद्ध झालेले आहे. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघा संशोधकांनी दाखवून दिले की, निरोप पोचायला किती वेळ लागेल याची कसलीच हमी नसेल आणि मंडळींपैकी एखादा जरी कोलमडण्याचा संभव असेल, तर सर्वांचे एकमत हटकून घडवून आणील अशी कोणतीही निश्चित रीत असूच शकत नाही. कारण मुळाशी गाठ बसली आहे ती हीच : फार हळू चालणारा आणि मेलेला हे दोघे दुरून सारखेच दिसतात. आपण मुदत ठरवतो ती या अज्ञानावर घातलेली एक समजुतीची रेघ असते. रेघेच्या अलीकडे तो जिवंत, पलीकडे मेला. सत्याशी तिचा संबंध असेलच असे नाही. पण रेघ घातल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

या रेघेचा धाक वाटावा असे आपल्याच इतिहासात एक उदाहरण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. त्यांच्या मृत्यूची खात्री सर्वांना सारखी पटली नाही. पार्वतीबाईंनी तर वैधव्य पत्करलेच नाही. या संशयाच्या फटीतून एक माणूस आत आला आणि ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात किल्ले घेतले, फौज जमवली. कारभार करणाऱ्यांना तो मोडून काढावा लागला आणि अखेर त्याच वर्षी त्याला देहान्ताची शिक्षा झाली. तोतयाचे बंड म्हणून आपण ते ओळखतो, न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिले. पंधरा वर्षांपूर्वीच्या एका मौनाचा अर्थ पक्का लागला नव्हता, त्याची ही किंमत.

आमच्याकडे याहून वाईट होते. तेथे परत येणारा तोतया नसतो. तो खराच असतो.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत मला निस्तरायला म्हणून बोलावले होते. व्यवस्था आधीच्या कोणी तरी लावलेली होती. दोन इमारतींत दोन यंत्रे, आणि ती एकमेकांवर पहारा ठेवीत. एके दिवशी भर दुपारी त्या दोन इमारतींमधली तार रस्त्याच्या खोदकामात तुटली. स्टँडबायला प्रायमरीचा आवाज येईना. त्याने नियमाप्रमाणे त्याला मृत ठरवले आणि स्वतः गादीवर बसला. प्रायमरी तर धडधाकट होता. त्याच्या दृष्टीने स्टँडबायच गेला होता. निम्म्या शाखा इकडे जोडलेल्या राहिल्या, निम्म्या तिकडे गेल्या. अकरा मिनिटे दोन्ही मुनीम आपापल्या कीर्दीत मन लावून लिहीत होते. आमच्या परिभाषेत याला स्प्लिट ब्रेन म्हणतात : एका धडावर दोन डोकी.

अकरा मिनिटांचा हिशेब जुळवायला तीन दिवस लागले. एकाच क्रमांकाच्या दोन-दोन पावत्या होत्या. पिग्मीवाले भाजी मंडईतून गोळा करून आणलेले पैसे भरून गेले होते. एका भाजीवालीची पन्नास रुपयांची नोंद एका वहीत होती, आणि तिने त्याच वेळी काढलेल्या कर्जाच्या हप्त्याची नोंद दुसऱ्या वहीत. कोणतीही एक वही खरी मानून दुसरी फेकून द्यावी, तर कोणाचा तरी घाम फेकल्यासारखे होई. शेवटी पावतीपुस्तकांतल्या स्थळप्रती मांडून, हेडक्लार्क आणि मी एकेक ओळ लावीत बसलो. हेडक्लार्क सेवानिवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, ‘साहेब, एक वही खोटी असती तर बरं झालं असतं. दोन्ही खऱ्या आहेत, हीच पंचाईत आहे.’

आमच्या शास्त्राची कित्येक पाने या एका वाक्यात बसतात. दोन साक्षीदार एकमेकांवर पहारा ठेवू लागले की त्यांच्या भांडणात निवाडा करायला कोणी उरत नाही. म्हणून तिसरा लागतो. आणि तो पहिल्या दोघांच्या इमारतीत, त्यांच्याच विजेवर, त्यांच्याच तारेवर असून भागत नाही. तिघांत दोघांचे मत, पाचांत तिघांचे. सभांतून आपण जिला गणपूर्ती म्हणतो तीच येथेही लागते, आणि संख्या विषम ठेवण्याची खबरदारीही तीच. पात्रोनीचा पट्टा ज्या वहीत नोंदवला जातो ती एट्-सी-डी नावाची वहीदेखील अशीच तीन किंवा पाच यंत्रांच्या पंचायतीकडे असते. राफ्ट नावाची जी रीत २०१४ साली ओंगारो आणि औस्टरहाउट यांनी मांडली, तिच्या आधाराने ही पंचायत आपले एकमत राखते.

पण या व्यवस्थेतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा नियम निराळाच आहे. ज्या प्रायमरीला पंचायतीपर्यंत पोचता येत नाही, त्याने ‘ते सगळे मेले’ असे म्हणायचे नाही. ‘मीच तुटलो असेन’ असे समजून आपण होऊन गादी सोडायची. त्याची प्रकृती उत्तम असेल, त्याच्यापुढे गिऱ्हाइके उभी असतील, तरीही. आणि तो असा समजूतदारपणा दाखवील याचा भरवसा नसतो, म्हणून त्याच्या यंत्रातच वॉचडॉग नावाचा एक राखणदार बसवता येतो. ठरल्या वेळी त्याला थोपटले नाही, तर तो धन्यालाच खाली पाडतो. म्हणजे यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. दुसरी रीत याहून निर्दय आहे. नवा गादीवर बसण्यापूर्वी जुन्याची वीज दुरूनच तोडायची. या रीतीला जे इंग्रजी आद्याक्षरी नाव पडले आहे, स्टोनिथ, त्याचा अर्थच मुळी ‘दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला’ असा आहे. नाव ऐकून प्रथम मला किळस आली होती. पतसंस्थेतल्या त्या तीन दिवसांनंतर ती राहिली नाही. जो मेला की नाही हे ठाऊक नाही, त्याच्या जागी दुसरा बसवायचा असेल, तर आधी संशय संपवलाच पाहिजे. उत्तर सापडत नसेल, तर ते घडवून आणायचे.

हे सारे नीट केले म्हणजे माणसाने निर्धास्त झोपावे काय? २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबमध्ये जे घडले ते वाचल्यावर तसे म्हणवत नाही. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम जेथे ठेवतात, ती ही संस्था. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक बिघडलेले प्रकाशतंतूचे उपकरण बदलताना तिच्या मुख्य केंद्राचा संपर्क तुटला, तो अवघ्या ४३ सेकंदांपुरता. तेवढ्यात ऑर्केस्ट्रेटर नावाच्या त्यांच्या स्वयंचलित पहारेकऱ्याने मते मोजली, बहुमत पाहिले आणि प्रायमरीपद पश्चिम किनाऱ्यावरच्या यंत्रांना देऊन टाकले. त्याने नियमाबाहेर काहीही केले नाही. पण पूर्वेकडच्या कीर्दीत काही सेकंदांच्या अशा ओळी होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. आणि चूक ध्यानात येईतो पश्चिमेकडेही नव्या ओळी साठल्या होत्या. आता कोणालाही मागे फिरता येईना. एका गजबजलेल्या समूहात अशा अडकलेल्या नोंदी ९५४ होत्या. लवकर सुरू होण्यापेक्षा गिऱ्हाइकांच्या नोंदी सांभाळणे महत्त्वाचे, असे त्यांनी ठरवले. आणि सारे पूर्वपदावर यायला २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंद वाट पाहिली असती तर!

मग यंत्राला दूर सारून माणसालाच बसवावे, असे कोणी म्हणेल. त्याने ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची हकीकत वाचावी. मागे पडलेला स्टँडबाय नव्याने भरून घ्यावा म्हणून रात्री उशिरापर्यंत खपणाऱ्या एका इंजिनिअरने त्याची जुनी वही पुसून टाकण्याचा हुकूम दिला. तो हुकूम चुकून प्रायमरीवर चालला. क्षणा-दोन क्षणांत त्याने हात आवरला, पण सुमारे ३०० जीबींतले साडेचारच उरले होते. नकला ठेवण्याच्या ज्या ज्या रीती होत्या त्यांतली एकही वेळेला उपयोगी पडली नाही. कोणी तरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी एक प्रत काढून ठेवली होती, तिने तारले. सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. या दोन्ही संस्थांनी आपली हकीकत स्वतःच सविस्तर छापली, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तात्पर्य इतकेच की, यंत्र थकत नाही पण त्याला संशय येत नाही. माणसाला संशय येतो पण तो थकतो.

संशय यावा तो कसा, हे मला एका पुराने शिकवले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. एके सकाळी सातचा मिस्ड कॉल आला नाही. साडेसातला मी फोन केला, तो लागेना. शेजारच्या काकूंचाही लागेना. ताईचा जीव खालीवर होऊ लागला. तेव्हा मी धंद्यातली सवय म्हणून आईला सोडून इतरांना फोन करू लागलो : गल्लीतला वाणी, जुने मास्तर, वर्गमित्र. कोणाचाच लागेना. मला एकदम हायसे वाटले. ताईला वाटले, याचे डोके फिरले. पण मी म्हणालो, ‘ताई, एकटी आईच गप्प झाली असती तर ती काळजीची गोष्ट होती. सगळंच गाव गप्प आहे. म्हणजे रस्ता तुटलाय, माणसं नाहीत.’ तर्क बिनचूक होता. आणि तरी पुढचे दोन दिवस मला घास गिळवला नाही. तिसऱ्या दिवशी मिरजेहून एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. आई शेजाऱ्यांबरोबर तेथल्या एका शाळेत सुखरूप होती, आणि आपली तुळस वाहून गेली म्हणून हळहळत होती. तिसरा साक्षीदार, तिसऱ्या गावचा! तेव्हापासून माझ्या पहारेकऱ्यांना मी एक जास्तीचा प्रश्न विचारायला शिकवले आहे : फक्त तोच गप्प आहे, की तुला कोणाचेच ऐकू येत नाही?

परत येणाऱ्याचे काय करायचे, हाही प्रश्न उरतोच. दोन तासांनी जुना प्रायमरी शुद्धीवर येतो, आणि त्याला वाटत असते की गादी अजून आपलीच. निवृत्त झालेले साहेब कधी कधी सकाळी सवयीने कचेरीत येतात आणि आपल्या जुन्या खुर्चीकडे वळतात, तसे. पोस्टग्रेसमध्ये याकरिता पीजी-रिवाइंड नावाचे एक साधन आहे. दोघांच्या वाटा जेथे फुटल्या त्या ओळीपर्यंत ते जुन्याला मागे नेते, त्यानंतरचे त्याचे एकट्याचे लिखाण त्याच्याकडून पुसून घेते, आणि नव्याच्या हाताखाली स्टँडबाय म्हणून बसवते. जुना मुकाट्याने उमेदवारी करू लागतो. पण पुसण्याआधी त्या ओळी कोणी तरी बाजूला उतरवून घ्यायला हव्यात. त्यांत एखाद्या भाजीवालीचे पन्नास रुपये असू शकतात.

असल्या कामात शेवटी फाइलीत लिहायचे असतात ते चार-दोन आकडे. मुदत किती, किती वेळा विचारायचे, स्टँडबाय किती मागे असला तरी चालेल. हा शेवटचा आकडा पात्रोनीत मुळात १ एमबीच्या आसपास असतो. स्टँडबायची कीर्द त्याहून मागे असली तर त्याला गादी द्यायची नाही, गादी रिकामी राहिली तरी बेहत्तर. पुष्कळ लोक या आकड्यांना हात लावीत नाहीत. बर्लिनमध्ये कोणी तरी विचार करून ठेवलेलाच आहे, असे त्यांना वाटते. पण बर्लिनच्या माणसाला आपली भाजीवाली ठाऊक नसते. सिनेमाची तिकिटे विकणाऱ्याला दोन मिनिटे दुकान बंद ठेवणे परवडत नाही. एखादे तिकीट दोनदा विकले गेले तर तो हात जोडून पैसे परत करील. रक्तपेढीला उलट आहे. बाटलीवरचा गट सांगायला दोन मिनिटे उशीर झाला तर एक वेळ चालेल, कारण तो कागदावरही लिहिलेला असतो. दोन वह्यांत दोन गट सापडले तर चालणार नाही. आकडा ठरवायचा म्हणजे आपण कोणती चूक सोसायला तयार आहोत, हे आधी ठरवायचे. ते मला ठरवता येत नाही. ज्याची पेढी, त्यानेच ते ठरवले पाहिजे.

पतसंस्थेची नवी व्यवस्था लावताना मी हे सारे हेडक्लार्कांना असेच कीर्द-खतावणीच्या भाषेत सांगितले, आणि विचारले, ‘सांगा, यंत्राला खात्री नसेल तेव्हा त्याने काय करावे?’ त्यांनी फार विचार केला नाही. म्हणाले, ‘पावती उशिरा मिळाली तर बाई रागावते, पण दुसऱ्या दिवशी येते. चुकीची मिळाली तर पुन्हा येत नाही. खात्री नसेल तर थांबू द्या.’

‘थांबले की मग कोणाला तरी उठवावे लागेल,’ मी म्हणालो. ‘रात्री दोन वाजता, तीन वाजता, केव्हाही.’

त्यांनी समोरचा कागद ओढून त्यावर आपला फोन नंबर लिहिला, आणि तो माझ्यापुढे सरकवला. ‘या वयात झोप कमीच असते,’ ते म्हणाले. ‘उठवा.’